आकाशात मागितलेली परवानगी

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, माझा एक जुना विद्यार्थी फराळाला घरी आला. तो आता अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी भाड्याने घेतलेले छोटे विमान चालवतो. त्याला पाहिले की मला त्याचे शाळेतले दिवस आठवतात. हा मुलगा आधी वर्गाबाहेर जायचा, आणि मग दाराबाहेर उभा राहून अत्यंत नम्रपणे विचारायचा, "सर, जाऊ का?" त्याच्या नम्रतेत काही खोट काढता येत नसे, आणि तो बाहेर उभा आहे हेही नाकारता येत नसे.

आम्ही गच्चीवर बसलो होतो. आमच्या अंजूरच्या गच्चीवरून पूर्वी खाडीच्या अंगाला भातशेते दिसत. आता गोदामांची पत्र्याची छपरे दिसतात. मधूनच एखाद्या विमानाचा लुकलुकणारा दिवा आभाळातून सरकत जातो. चकलीचा तुकडा मोडत त्या दिव्याकडे पाहून तो म्हणाला, "सर, तुमची ती जुनी तक्रार आठवते ना? आधी बाहेर जायचे आणि मग विचारायचे? आता मी तेच आकाशात करतो, आणि तिथे ते कायदेशीर आहे."

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विमानात बसण्याचा योग आयुष्यात एकदाच आला, आणि त्या वेळी मी डोळे मिटून घेतले होते. तेव्हा त्याला म्हटले, "मला समजेल असे सांग."

त्याने सांगितले ते असे. विमान चालवण्याच्या दोन रीती आहेत. एक नजरेवरची: आभाळ स्वच्छ, डोंगर दिसतो आहे, दुसरे विमान दिसते आहे, वैमानिकाने पाहावे आणि चुकवावे. दुसरी यंत्रांवरची: बाहेर ढग, काही दिसत नाही, समोरच्या यंत्रांकडे पाहून चालायचे. या दुसऱ्या रीतीत तुमच्या आसपास दुसरे कोणी नाही याची काळजी जमिनीवर बसलेला नियंत्रक घेतो, आणि म्हणून त्याच्या परवानगीवाचून नियंत्रित आकाशातल्या ढगात शिरायचे नसते. ही परवानगी सहसा निघण्यापूर्वी घेतात. परंतु अमेरिकेत स्वच्छ आभाळी छोटे विमान कोणाला न सांगता निघाले तरी चालते. आणि वाटेत ढग आडवे आले, तर उडता उडता रेडिओवर नियंत्रकाला गाठून यंत्रांवरच्या उड्डाणाची परवानगी मागता येते.

एकदा हा असाच पालो आल्टोहून समुद्रकाठच्या माँटेरे गावी निघाला. अर्ध्या तासाची वाट. मध्ये डोंगर आहेत, त्यांचे नाव सांताक्रूझ. (आमच्या मुंबईच्या विमानतळालाही लोक हेच नाव घेत असत, याची मला उगीचच गंमत वाटली.) डोंगर ओलांडून पाहतो तर किनाऱ्यावर ढगांची गादी पसरलेली. वर लख्ख ऊन, आणि खाली गाव नाही, समुद्र नाही, काहीच नाही. त्याने नियंत्रकाला हाक मारली. उत्तर आले, "नजरेवरच राहा. थांबा."

"मग?" मी विचारले.

"मग थांबलो. ढगांच्या वर, उन्हात, दहाबारा मिनिटे घिरट्या घालत होतो. त्याला माझ्याआधीची पाच विमाने होती. त्यांनी रीतसर आधी सांगितलेले. मी आगंतुक."

काही वेळाने नियंत्रकाने त्याला विचारले: विमान कोणते, कुठे आहात, कुठे जायचे. त्याला चार आकडी खूण दिली, म्हणजे पडद्यावर तो ओळखू येईल. आणि मग आणखी एक प्रश्न विचारला, जो ऐकून मी हातातला लाडू तसाच धरून बसलो. त्याने विचारले, "तुम्हाला नेमून दिलेल्या उंचीवर पोचेपर्यंत डोंगर आणि इतर अडथळे तुम्ही स्वतः सांभाळू शकाल काय?"

म्हणजे असे की, तू आधी निघालास, आता विचारतो आहेस. ठीक आहे, मी परवानगी देईन. परंतु माझ्या हाती येईपर्यंतचा धोका तुझा आहे, आणि ते तू तुझ्या तोंडाने कबूल कर. त्याने हो म्हटले. मग नियंत्रकाने परवानगी सांगितली, याने ती शब्दशः परत म्हणून दाखवली, नियंत्रकाने "बरोबर" म्हटले, आणि मगच हा ढगात शिरला.

"आणि त्याने नाही म्हटले असते तर?"

"म्हणतात की, सर. कामात असले तर म्हणतात."

"मग काय करायचे?"

"परत फिरायचे. तेवढे पेट्रोल टाकीत ठेवूनच विचारायचे असते."

तो गेल्यावर मी बराच वेळ गच्चीवर बसून राहिलो. त्याने सहज सांगितलेले ते वाक्य माझ्या एका जुन्या दुखण्यावर नेमके पडले होते. त्या दुखण्याची हकिगत सांगतोच. पण त्याआधी वाचकांच्या मनात एक शंका येईल तिचा विचार केला पाहिजे. एवढे विचारण्याचे काय कारण? माणसाला डोळे आहेत, अक्कल आहे, त्याने जावे की!

एके काळी तसेच होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एकट्याने निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या चिमुकल्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. वाटेत परवानगी मागायची म्हटले तरी मागणार कशी? आकाश रिकामे होते. आज ते रिकामे नाही. आपल्या देशात तर छोट्या विमानालासुद्धा निघण्यापूर्वी आपला बेत कळवून हवाई संरक्षणाच्या मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. विमान उडाल्यावर बेत कळवण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आहे; पण तिथेही अट अशी, की नियंत्रित टापूत शिरण्याच्या निदान १० मिनिटे आधी तो नियंत्रकाच्या हाती पडला पाहिजे. शेजाऱ्याच्या ओटीवर पाय ठेवून मग "येऊ का?" म्हणायचे नाही, अंगणाबाहेरून म्हणायचे.

आणि डोळ्यांचे म्हणाल तर ढगात डोळे माणसाला फसवतात. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. यंत्रांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला लावले. विसांपैकी एकालाही विमान ताब्यात ठेवता आले नाही. ताबा सुटायला सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. विमान कलत असते आणि आतल्या माणसाला आपण सरळ चाललो आहोत असे खात्रीने वाटत असते.

ती खात्रीच मला सगळ्यांत भयंकर वाटते. कारण ती मी स्वतः अनुभवली आहे, आणि तीही जमिनीवर.

नऊ वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली. तिची नायिका सासर सोडून येते आणि तान्हे मूल तिथेच राहते. पुढे ते मूल तापाने दगावते. लोकांना ती कादंबरी आवडली. ती माझी कल्पना नव्हती. ती माझ्या आत्याची हकिगत होती. ती आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारत नसे. मला ती लहानपणी आजीकडून अर्धी, आईकडून पाव आणि उरलेली आत्याच्या गप्प बसण्यावरून कळली होती. मी नाव बदलले, गाव बदलले, मुलीचा मुलगा केला. लेखकाला एवढे केले की आपण सगळे केले असे वाटते.

तरी मनात रुखरुख होती. म्हणून मी तिला विचारायला गेलो. कधी गेलो? मुद्रिते तपासून झाली होती, मुखपृष्ठ छापून आले होते, आणि प्रकाशकाने दिवाळीचा मुहूर्त धरला होता, तेव्हा. आत्या ओटीवर तांदूळ निवडत होती. मी म्हटले, "आत्या, एक पुस्तक लिहिलंय. त्यात थोडं तुझ्यासारखं आहे. चालेल ना?"

तिने सुपातून वर पाहिले नाही. म्हणाली, "बघू. कापणी होऊ दे."

मराठी घरात "बघू" या शब्दाला किती अर्थ आहेत हे मी काय सांगावे! त्यात नकार असतो, विचार असतो, वेळ मागणे असते, कधी नुसता थकवा असतो. एक गोष्ट मात्र नसते, ती म्हणजे होकार. मी त्याचा होकार केला. तिने मला थांबायला सांगितले होते. मी सरळ ढगात शिरलो. कापणी संपण्याआधी पुस्तक बाजारात होते, आणि आसपासच्या पाच गावांत ज्यांना वाचता येत होते त्यांना नायिका कोण हे पहिल्या वीस पानांत कळले होते.

त्या वर्षी भाऊबीजेला आत्या आली नाही. वडिलांनी पाट मांडला होता, रांगोळी काढून घेतली होती. ते दुपारी दोन वाजेपर्यंत पाटाशेजारी बसून होते. पुढच्या वर्षीही तसेच. तिसऱ्या वर्षी ते म्हणाले, "पाट मांडूच नका." त्या साली थंडीत ते गेले. आत्या दिवसांना आली, सगळे केले, माझ्याशी कामापुरते बोलली. पुस्तकाचा उल्लेख तिने केला नाही, आणि माझी हिंमत झाली नाही.

इतकी वर्षे मी स्वतःची एकच समजूत घालत आलो होतो: "मी विचारले तर होते!" विद्यार्थ्याच्या एका वाक्याने ती समजूत मोडली. माझ्या टाकीत परत फिरण्यापुरते पेट्रोल नव्हते. तिने त्या दिवशी स्पष्ट "नको" म्हटले असते, तर मी पुस्तक थांबवले असते काय? नसते थांबवले. मी तिची समजूत काढली असती, रडलो असतो, प्रकाशकाचे नुकसान सांगितले असते. म्हणजे मी विचारायला गेलोच नव्हतो. कळवायला गेलो होतो, आणि कळवणे जरा सौम्य वाटावे म्हणून वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावले होते.

मग मी आजूबाजूला पाहू लागलो, आणि जिकडेतिकडे मला तेच प्रश्नचिन्ह दिसू लागले. आमच्याकडे पायथा भरतो, भिंती उभ्या राहतात, पत्रा चढतो, आणि मग मंजुरीसाठी अर्ज जातो. त्याला "नियमित करून घेणे" असा सभ्य शब्दही आहे. मुलीचे स्थळ पक्के होते, हॉल ठरतो, आणि मग तिला विचारतात, "तुझी पसंती आहे ना?" गावची जागा विकण्याचा व्यवहार ठरतो आणि मग धाकट्या भावाला सहीसाठी बोलावतात. या सगळ्या ठिकाणी विचारणारा माणूस तोंडाने नम्र असतो, आणि ज्याला विचारायचे त्याची वाट मात्र आधीच बंद केलेली असते. नाही म्हटले तर तोच वाईट ठरतो.

तर मग निघाल्यावर विचारणे नेहमीच लबाडीचे काय? मला तसे वाटत नाही. काही वेळा विचारायला सवड नसते. २६ जुलै २००५ च्या पावसात, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आमच्या भागात पाणी झपाट्याने चढू लागले. तेव्हा आम्ही आठदहा तरुणांनी एका गोदामाचे कुलूप तोडले आणि बायकापोरांना आतल्या मालाच्या थप्प्यांवर चढवले. मालकाला विचारले नाही. फोन लागत नव्हते. पाणी ओसरल्यावर आम्ही त्याच्याकडे गेलो, झाले ते सांगितले आणि कुलपाचे पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत. वैमानिकालाही हा अधिकार आहे: जीव वाचवण्यापुरता नियम मोडण्याची त्याला मुभा असते, पण मोडला तेवढा नियम नंतर सांगण्याची तयारी ठेवावी लागते. त्या दिवशी आम्ही "कुलूप तोडू का?" असे नंतर विचारण्याचे सोंग केले नाही. "तोडले" असेच सांगितले.

आणि संकट नसतानाही माणूस आधी निघतो, वाटेत परिस्थिती बदलते, आणि मग त्याला विचारावे लागते. आयुष्यातील बहुतेक गोष्टी अशाच असतात. सगळे परवाने खिशात घालून कोणी लग्न करत नाही की लिहायला बसत नाही. मी आत्याला न विचारता कादंबरी लिहायला घेतली, हा माझा अपराध असे मला आजही वाटत नाही. लिहिता लिहिताच ती कोणाची हकिगत आहे हे मला कळत गेले. पण ज्या दिवशी ते पुरते कळले, त्या दिवशी मी उन्हात होतो, ढग समोर दिसत होता, आणि परत फिरायला वाट होती. विचारण्याची वेळ ती होती. आणि "बघू" म्हटल्यावर घिरट्या घालत राहायला हवे होते.

घिरट्या घालणे मात्र माणसाला जमत नाही. आपण पोचलोच अशी त्याला घाई होते. ७ जुलै १९६२ च्या रात्री सिडनीहून निघालेले अलितालिया कंपनीचे विमान बँकॉकहून मुंबईला येत होते. पावसाळ्याचे दिवस. मुंबई आपल्या समजुतीपेक्षा दूर आहे हे चालकांच्या ध्यानात आले नाही; जवळ आलो असे मानून ते वेळेआधीच खाली उतरू लागले, आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे गेली. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे 'कांचनजंगा' जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ११७ माणसे गेली, आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्या विमानाचे एक दिशादर्शक यंत्र बंद होते. पर्वत अजून पुढे आहे अशी दुरुस्ती नियंत्रकाने सांगितली होती. परंतु ती पुरेशी स्पष्ट नव्हती, आणि वैमानिकाने आपण पर्वत ओलांडला असा तिचा अर्थ घेतला. या मृतांविषयी बोलताना दोष देण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसते, की ऐकलेल्या शब्दात आपल्याला हवा तो अर्थ ऐकू येणे हे किती सोपे आहे. म्हणूनच ते लोक परवानगी शब्दशः परत म्हणून दाखवतात. मी आत्याला म्हणायला हवे होते, "आत्या, तू बघू म्हणालीस. म्हणजे अजून हो नाही. बरोबर?" दहा सेकंद लागले असते.

आमच्या अंजूरला या बाबतीत लाज वाटण्याचे कारण खरे म्हणजे नाही. पोर्तुगिजांच्या जाचातून साष्टी सोडवावी म्हणून इथल्या गंगाजी नाईक अंजूरकरांनी पेशव्यांकडे खेपा घातल्या. मोहीम १७३७ साली निघाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वाटा, खाड्या आणि माणसे ठाऊक असलेला हा माणूस रागाच्या भरात एकटाच निघाला असता तर गावासकट बुडाला असता. लहानपणी मला त्या गोष्टीतली लढाई तेवढी आवडे. आता त्या खेपा मोठ्या वाटतात.

या पावसाळ्यात प्रकाशकाचा निरोप आला: कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायची आहे, करारावर सही करून पाठवा. मी सही केली नाही. निरोप कोणाला सांगितला नाही, बायकोलासुद्धा नाही. कारण चार माणसांना आनंद झाला की परतीचे पेट्रोल तेवढे कमी होते. दुसऱ्या दिवशी आत्याकडे गेलो. ती आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ओटी तीच, सूप तेच.

मी म्हटले, "आत्या, ते पुस्तक पुन्हा छापायचं म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू सांगशील तसं करीन."

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि मी नको म्हटलं तर?"

"तर नाही छापणार."

"पैसे बुडतील तुझे."

"बुडू देत."

तिने सूप बाजूला ठेवले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. "नको," ती म्हणाली. "त्या पोराला आता निजू दे."

"बरं. नको म्हणालीस. नाही छापत," मी म्हटले.

ती उठून आत गेली. मला वाटले संपले. थोड्या वेळाने आतून विचारले, "चहात साखर घालू का रे? की तुझी बंद आहे?"

वडील आज असते तर ही हकिगत त्यांना सांगितली असती. तो हिशेब राहून गेला, तो तसाच राहणार. मागाहून विचारलेल्या प्रश्नाने झालेली गोष्ट न झालेली होत नाही. पण या वर्षी भाऊबीजेला येशील का असे मी आत्याला विचारले आहे. ती "बघू" म्हणाली आहे.

मी थांबलो आहे.